गाडीतली कुईईई: जानेवारी २०२४ च्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

या वेळी लिहून ठेवतोय, कारण मागे वायपरच्या मोटरचं असंच झालं होतं, काय काय तपासलं तेच आठवेना आणि एकच वायर तीनदा सोलली.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक. मूळचा टेप केव्हाच गेला, दीड वर्षापूर्वी टचस्क्रीनवाला स्टिरिओ टाकला. डिकीत चार चॅनेलचा अँप (ॲम्प्लिफायर, आवाज मोठा करणारा डबा), दोन चॅनेलवर पुढच्या दारातले साडेसहा इंची स्पीकर, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, १० इंची वूफर. स्टिरिओच्या मागे आरसीए आउटची (मधे पिन, बाहेर कडं अशा गोल सॉकेटची, अँपला सिग्नल द्यायला) एकच जोडी आहे, लाल-पांढरी, तीच केबल डिकीपर्यंत जाते आणि अँपवरचं बारकं बटण सरकवलं की तोच सिग्नल चारही चॅनेलला मिळतो. वायरिंग सगळं मी केलंय, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कोणी नाही.

आता तक्रार. गाडी चालू केली की स्पीकरमधून कुईईई. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्यावर येतो ना तसला. ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, सोडला की उतरतो, आणि सिग्नलला उभं राहिलं की एका सुरात कानाशी गुणगुणत बसतो. व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढाच, पूर्ण वाढवला तरी तेवढाच. हे अधोरेखित करून ठेवतो, कारण याचा अर्थ आवाज व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी आत शिरतोय, रेडिओतून किंवा गाण्याच्या फाइलमधून येत नाहीये.

कधीपासून? ३१ डिसेंबरला वाईला जाताना डिकीत सामान बसेना म्हणून अँप आणि वूफर काढून घरी ठेवले, २ तारखेला संध्याकाळी अंधारात परत बसवले. होतं तसंच लावलं. त्यानंतर हे सुरू झालं, आधीही अगदी कान देऊन ऐकलं तर बारीक यायचा पण एवढा नाही.

गॅरेजवाल्या काकांना ऐकवलं, त्यांनी बोनेटही न उघडता सांगितलं, "दादा, अल्टरनेटर गेला, बदलून टाका." अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणारं, बॅटरी चार्ज करणारं यंत्र. असं ऐकून पैसे काढणार नाही, आधी बघू.

७ जानेवारी, रविवार

सकाळी पार्किंगमध्ये दोन तास. आधी फुकटातल्या गोष्टी.

मोबाइल चार्जर काढला, डॅशकॅम काढला. कुईईईच्या मागे एक बारीक ची-ची-ची होती ती गेली, कुईईई तशीच. म्हणजे आवाज दोन आहेत, एकात एक मिसळलेले. मोबाइल पण लांब ठेवला, कारण जुना टूजीवाला फोन जवळ असला की टिट-टिटि-टिट येतं ते वेगळंच प्रकरण, त्याचं रेडिओ सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होत असतं म्हणून तसं वाजतं.

मग चावी नुसती ऑन, इंजिन बंद. दोन-तीन सेकंद मागच्या सीटखालून घर्रर, तो पेट्रोल पंप, त्यानंतर शांत. इंजिन चालू केलं की शिट्टी. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, ब्लोअर सगळं लावलं की शिट्टी अजून मोठी. म्हणजे अल्टरनेटरवर लोड आला की वाढते. स्पार्क प्लगची असती तर टिक-टिक-टिक आली असती, अशी सलग नाही.

आता मजेचा भाग. अल्टरनेटरमध्ये तीन फेज असतात आणि सहा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे), त्यामुळे विजेच्या एका आवर्तनात सहा लाटा निघतात. बहुतेक गाड्यांच्या रोटरला (आत फिरणाऱ्या चुंबकाला) १२ पोल, म्हणजे सहा जोड्या. सहा गुणिले सहा, रोटरच्या एका फेरीत ३६ लाटा. आता रोटर इंजिनच्या किती पट फिरतो ते पाहिजे, तर पुढचं चाक काढलं, आतला प्लास्टिकचा पडदा सोडला आणि सुतळी गुंडाळून दोन्ही पुल्यांचा घेर घेतला. क्रँकची (म्हणजे इंजिनची) ४४ सेंटिमीटर, अल्टरनेटरची १८. २.४४ पट. आयडल ८०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १३.३३ फेऱ्या, गुणिले २.४४, गुणिले ३६, उत्तर साधारण ११७३ हर्ट्झ.

मोबाइलवर स्पेक्ट्रमचं फुकट ॲप टाकलं, फोन स्पीकरच्या जाळीला टेकवला. ११७० ते ११९० च्या मध्ये सुळका! २००० आरपीएमला २९३० च्या आसपास यायला हवा, आला. सुतळीने मोजून एवढं जुळलं म्हणून मी गाडीत एकटाच हसत होतो, वॉचमन बघून गेला.

तर आवाज अल्टरनेटरचा आहे हे पक्कं. पण अल्टरनेटर खराब आहे हे त्यातून निघत नाही, चांगला अल्टरनेटरही थोडी लाट सोडतोच. ती लाट गाण्यात का शिरतेय हा प्रश्न आहे.

१० जानेवारी, बुधवार

ऑफिसातून आल्यावर बॅटरी मोजली. इंजिन चालू, डीसी १४.१ व्होल्ट, झकास. मग डीसीवर लाट किती आहे ते बघायला मीटर एसीवर केला तर ३१ व्होल्ट! पोटात गोळा आला. प्रोब उलटे लावले तर शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला, माझा पिवळा दोनशे रुपयांचा मीटर एसी मोजताना फक्त अर्धी लाट घेतो आणि २.२२ ने गुणून दाखवतो, डीसी अडवतच नाही. १४.१ गुणिले २.२२ बरोबर ३१. असल्या आकड्यावर कोणीतरी अल्टरनेटर बदललेलेही असतील.

उद्या ऑफिसच्या लॅबमधला बरा मीटर मागून आणतो.

११ जानेवारी, गुरुवार

आणला. एसी ४० मिलिव्होल्ट, सगळे लाइट लावून ६५. शंभरच्या आत असलं की चिंता नाही, डायोड उडाला असता तर अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं असतं. अल्टरनेटर निर्दोष. गॅरेजवाल्या काकांना सांगितलं नाही, उगाच कशाला.

१३ जानेवारी, शनिवार

आज अर्थिंग. अँपचा मायनस डिकीत डाव्या बाजूला बॉडीला बोल्टने धरलाय. गाणी मोठ्याने लावली, मीटरचा एक प्रोब अँपच्या मायनस टर्मिनलवर आणि दुसरा लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या मायनसवर. वूफरच्या प्रत्येक ठोक्याला ०.४ व्होल्ट. हे ०.१ च्या आत पाहिजे.

बोल्टला पाना लावायला गेलो तर तो हातानेच फिरला. हाताने! वर लगच्या (वायरच्या टोकाच्या कड्याच्या) खाली रंग तसाच, म्हणजे इतके दिवस अर्थिंग फक्त बोल्टच्या आट्यांमधून चाललं होतं. दीड वर्षापूर्वी इथला रंग खरवडायचा राहिला, आणि २ तारखेला बोल्ट आवळायचाही राहिला.

बॅटरीचा मायनस काढून ठेवला, पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली. दातेरी वॉशर टाकला, आवळला, वरून गंज धरू नये म्हणून व्हॅसलिन. वायरही बदलली कारण तिचा एक तंतू चाकूने खरवडला तर आत चांदीसारखा पांढरा, तांबं नुसतं वरून फासलेलं, आत ॲल्युमिनियम. ऑनलाइन किटमध्ये हेच येतं. वेल्डिंगची १६ स्क्वेअर एमएम केबल मीटरवर तोडून मिळते, खऱ्या तांब्याची बघून घेतली, वळते पण छान, तीच लावली. (सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग देणारे लोक आहेत, देऊ नका, तो बोल्ट तुमच्या बरगड्यांसाठी आहे.)

परत मोजलं, ०.०३ व्होल्ट. वूफरचा ठोका घट्ट झाला हे नुसत्या कानाला कळतंय.

शिट्टी? आहे. किंचित कमी, पण आहे. बोल्ट सापडला तेव्हा वाटलं होतं की झालं काम, आता चहा प्यायचा.

१४ जानेवारी, रविवार

वैतागून शॉर्टकट. काल संध्याकाळीच पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन ग्राउंड लूप आयसोलेटर आणला. डबीत दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याचा जोड राहत नाही, त्यामुळे मायनसमधून येणारा आवाज तुटतो. ही मलमपट्टी आहे हे माहीत होतं, पण आठवडा झाला होता हो.

अँपच्या आधी जोडला. इंजिन चालू. शांत! रेझ केलं, शांत! एवढं बरं वाटलं की बायकोला खाली बोलावलं आणि एक अभंग लावला.

टाळ दूरवर कुठेतरी, मागचा कोरस आहे, बाजाची किनार आहे, आणि मधला गायक नाही. वूफर तर मेलेलाच.

"हे काय, कराओके लावलंस?" बायको.

दुसरं गाणं, तेच. टेस्ट टोन लावला, १ किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेलला सारखाच. अँपच्या तोंडाशी मोजलं तर जवळजवळ काही नाही. आयसोलेटर काढला, थेट लावलं, १.९ व्होल्ट. म्हणजे आयसोलेटरच डब्बा, निष्कर्ष संपला. उद्या संक्रांत, परवा बदलून आणतो.

१६ जानेवारी, मंगळवार

दुकानदाराने काउंटरवर स्वतःचा फोन आणि छोटा स्पीकर मध्ये आयसोलेटर घालून वाजवून दाखवला. नीट वाजला, गायकासकट. म्हणाला, "साहेब, माल ओके आहे, तुमच्या गाडीत लोचा आहे." तरी भला माणूस, बदलून दिला, वर तिळाची वडी दिली.

घरी येऊन दुसरा लावला. गायक परत गायब.

दुकानात चालतो, गाडीत चालत नाही. झोपेपर्यंत हेच डोक्यात.

२० जानेवारी, शनिवार

आता शिस्तीत, अर्धं-अर्धं कापत.

एक: अँपच्या तोंडाशी दोन्ही आरसीए काढल्या आणि तिथे घरी केलेल्या दोन पिना लावल्या (जुन्या केबलची टोकं कापून मधली पिन आणि बाहेरचं कडं एकमेकांना डाग दिलेला, म्हणजे अँपला आत काहीच सिग्नल नाही). इंजिन चालू, सगळे लाइट चालू. पूर्ण शांत. म्हणजे अँप, त्याची पॉवर, त्याचं अर्थिंग, स्पीकरच्या वायरी सगळ्यांना सुट्टी. ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती, दहा मिनिटांचं काम, पण मला सुतळीचा मोह झाला.

दोन: जुना फोन, हेडफोनची पिन असलेला, चार्जरला न लावता, थेट अँपला. शांत, गायक हजर, वूफर हजर.

तीन: स्टिरिओ परत जोडला पण जुन्या आरसीए केबलऐवजी नवीन केबल सीटच्या मधून हवेत, पॉवरच्या वायरपासून लांब. शिट्टी आहे. म्हणजे केबलचा रस्ताही दोषी नाही. पॉवर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी हे खरंच आहे, मी ते आधीपासून पाळलंय, पण इथे तो मुद्दा नाही.

उरला फक्त स्टिरिओ. पण स्टिरिओच्या आतल्या स्पीकर आउटला (मागे दारात जुने स्पीकर लोंबतायत, ते लावून बघितले) आवाज अगदी स्वच्छ. बिघाड फक्त आरसीएच्या वाटेवर.

२१ जानेवारी, रविवार

स्टिरिओची चौकट काढताना प्लास्टिकचा एक दात तुटला, तो हिशोब वेगळा.

बाहेर ओढला, मागच्या आरसीएच्या दोन कड्या समोर. मीटर कंटिन्यूइटीवर, म्हणजे जोड असला की बीप. लाल कडं आणि पांढरं कडं, बीप. लाल कडं आणि स्टिरिओची पत्र्याची बॉडी... काही नाही. पांढरं कडं आणि बॉडी, काही नाही. रेंज वाढवत नेली, मीटर नुसता १ दाखवत बसला, म्हणजे जोडच नाही.

कडं म्हणजे सिग्नलचा मायनस, तो आत बॉडीच्या मायनसला जोडलेलाच पाहिजे. इथे दोन्ही कड्या एकमेकींना धरून आहेत पण दोघी मिळून अधांतरी.

आणि मग कराओके कळलं. तिथेच मांडीवर स्टिरिओ घेऊन बसलो होतो. मायनस तुटलेला असताना सिग्नलला परतीची वाट नाही. आयसोलेटर नव्हता तेव्हा ती वाट अँपच्या मायनसमधून, डिकीतल्या बोल्टमधून, गाडीच्या पत्र्यातून फिरून स्टिरिओकडे येत होती आणि पत्र्यातून अल्टरनेटरचा करंटही जातोच, दोन टोकांमधला जो काही मिलिव्होल्टचा फरक तो थेट गाण्यात मिसळत होता. आयसोलेटर लावल्यावर पत्र्याची वाटही तुटली. मग उरलं काय तर डाव्यातून निघायचं आणि उजव्यातून परत जायचं. दोन्ही बाजूंना जे वेगवेगळं आहे तेवढंच वाजणार, जे सारखं आहे ते एकमेकांना ढकलून शून्य. आणि गायक, ढोलकी, बेस हे रेकॉर्डिंगमध्ये बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडे सारखेच असतात! टेस्ट टोनही दोन्हीकडे सारखाच. दुकानदार बरोबर होता.

खात्री म्हणून मगरीच्या तोंडाचा चिमटा असलेली वायर घेतली, एक टोक पांढऱ्या कड्याला, दुसरं हातात. इंजिन चालू, शिट्टी चालू. टोक पत्र्याला टेकवलं, गप्प. उचललं, कुईईई. टेकवलं, गप्प. दहा-बारा वेळा केलं असेल. बायकोला फोन लावून खिडकीतून ऐकवलं, ती म्हणाली जेवायला ये.

२२ जानेवारी, सोमवार

तुटलं कसं, याचा छडा पण लागला, आणि तो लागला नसता तर बरं झालं असतं.

२ तारखेची संध्याकाळ नीट आठवली. प्लस लावला, आरसीए लावल्या, बॅटरी जोडली, गाणं लावलं. सेकंदभर वाजलं आणि बंद पडलं. मी म्हटलं अर्थिंग सैल असेल, बोल्ट दोन आटे फिरवला, चालू झालं, डिकी लावली, वर जाऊन जेवलो. त्या सेकंदात अँपला मायनसच नव्हता. माझ्या अँपमध्ये आरसीएचं कडं आणि पॉवरचा मायनस आतून थेट जोडलेले आहेत (आज मोजलं, बीप), त्यामुळे वूफर चालवण्याइतका सगळा करंट आरसीएच्या केसासारख्या जाळीतून स्टिरिओकडे परत गेला. तिथे त्याच्या वाटेत काहीतरी जळून बसलं.

म्हणजे १३ तारखेचा बोल्ट बरोबर सापडला होता, फक्त त्याने करायचं ते ११ दिवस आधीच करून ठेवलं होतं.

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. झेंडावंदन करून स्टिरिओ उघडला. आरसीएच्या पॅनेलजवळ बोर्डवर तिळाएवढा फ्यूज, भिंगातून बघितलं तर मधोमध तपकिरी ठिपका. अगदी यासाठीच बसवलेला असतो, बोर्ड वाचावा आणि तो जावा. त्याने आपलं काम केलं.

सोपा उपाय सगळे करतात तो म्हणजे बाहेरून कड्याला वायर गुंडाळून बॉडीला स्क्रू मारायचा. चालतं, पण मग पुढच्या वेळी माझ्यासारखा कोणी बोल्ट विसरला तर फ्यूजऐवजी बोर्डवरची पट्टीच जळेल. मोबाइल रिपेअरवाल्याकडे नेला, त्याच्याकडे तेवढ्याच क्षमतेचा जुन्या बोर्डवरून काढलेला होता, मायक्रोस्कोपखाली पाच मिनिटांत बसवला. शंभर रुपये. मी इतक्या दिवसांत केलेल्या खर्चातली ही एकच गोष्ट कामाला आली, वेल्डिंग केबल सोडून.

कडं ते बॉडी, बीप. कानाला एवढा गोड बीप कधी लागला नव्हता.

गाडीत बसवताना क्रम: बॅटरी मायनस सुटा, अँपचा मायनस सगळ्यात आधी आवळला, मग आरसीए, मग प्लस, सगळ्यात शेवटी बॅटरी. डिकीच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलंय.

शिट्टी नाही. जीव खाऊन ऐकलं तर पूर्वीसारखी अगदी बारीक, तीही गाडी उभी आणि काचा बंद असताना.

२७ जानेवारी, शनिवार

ती बारीक उरलेली गेनची होती (आत येणारा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते ठरवणारं बटण). गेन पाऊणावर ठेवला होता, लोक त्याला व्हॉल्यूमचं बटण समजतात, मीही समजत होतो. गेन जास्त म्हणजे आत येणारी कचराकुंडीही तेवढीच मोठी.

स्पीकर सोडले, स्टिरिओ ४० पैकी ३० वर, १ किलोहर्ट्झचा टोन. अँप ५० वॅटचा, स्पीकर ४ ओहमचे, ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१ व्होल्ट. तेवढा येईपर्यंत गेन हळूहळू वर. वूफरच्या ब्रिजला १५० वॅट धरून २४.५ व्होल्ट, तिथे ५० हर्ट्झचा टोन. दोन्ही गेन पावाच्या जरा पुढे येऊन थांबले. आता काचा बंद करूनही मला ऐकू येत नाही, भाच्याला विचारायला हवं, त्याचे कान तेरा वर्षांचे आहेत.

२८ जानेवारी, रविवार

वाईला जाऊन आलो. जाताना खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरवर, इंजिन ३००० च्या वर. काही नाही. नुसतं गाणं.

येताना बोगद्यात एफएम गेलं आणि त्या शांततेत ची-ची-ची ऐकू आली. डॅशकॅमचा चार्जर, ७ तारखेचा दुसरा आवाज, त्याला मी विसरलोच होतो. घरी आल्यावर बाबांचा ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनच्या मधल्या रिकाम्या जागी लावून डॅशबोर्डवर फिरवला. चार्जरजवळ नेला की मधमाश्यांचं पोळं, वीतभर लांब नेला की गप्प. गोंगाट शोधायला याच्यासारखं यंत्र नाही. बाबा वरून ओरडले, "अरे, बातम्यांची वेळ झाली, आण तो इकडे."

चार्जरच्या वायरीवर लावून गोंगाट दाबायला फेराइटचा चिमटा आणायचाय, दोन नग. प्लास्टिकचा तुटलेला दात पण बाकी आहे. आयसोलेटर विकायचाय, चालू स्थितीत, गायकासकट.